बारवेतला थेंब

कल्याणरावाच्या घोट्यातला नारू बाराव्या दिवशी तुटला.

तोवर लिंबाजीनं तो मोठ्या निगुतीनं काढत आणला होता. चिंचवाडीत नारू काढावा तर लिंबाजीनंच, असं सगळे म्हणत. रोज सकाळी यायचं, जखमेवर पाण्याची धार धरायची, बाहेर डोकावलेला त्या जंताचा पांढरा दोरा तुरीच्या काडीला गुंडाळायचा, दोन बोटं सरकला की थांबायचं आणि काडी तिथंच पायाला बांधून टाकायची. हातभर दोरा असा निघाला होता. त्या दिवशी खाटेवरून उतरताना काडी सुंभात अडकली, दोरा ताणला, तुटला आणि उरलेला आत ओढला गेला. दुपार कलेपर्यंत पाय मांडीपर्यंत सुजला आणि कल्याणराव तापानं बरळू लागला.

शांतम्मा नवऱ्याच्या उशाशी बसून होती. तिच्याही टाचेत नारू होता, पण तिचा शहाण्यासारखा निघत होता. पलीकडच्या खोलीत थोरली जाऊ नीलम्मा गुडघा धरून पडली होती. पाच वर्षांपूर्वी सांध्यातच नारू मेल्यामुळं तो गुडघा कायमचा ताठला होता. ओसरीवर दोन सालगडी आडवे होते. निजामाच्या मुलखातल्या फसली सन तेराशे सेहेचाळीसचा हा वैशाख. पेरणी महिन्यावर आली होती आणि घरातल्या मोठ्या माणसांत धड चालणारे दोनच पाय होते, थोरले दीर बसवंतराव यांचे.

यात कुणाला नवल वाटत नव्हतं. उन्हाळा आला की आंबे यायचे, तसा नारू यायचा. या घरात कुणी कुणाला 'बरं हाय का?' असं विचारतच नसे. 'निघाला का?' असं विचारत. शांतम्मा पिंगळीहून लग्न होऊन आली तेव्हा तिला नारू म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. बरोबर वर्षानं तिच्या पोटरीवर फोड आला, आग आग झाली, आणि ती रडायला लागली तर बायका हसल्या होत्या. सासू चन्नबसम्मानं मायेनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता. "रडू नको गं. आता खरी आमच्या घरची झालीस."

तेव्हापासून बारा वर्षं एक प्रश्न शांतम्माच्या मनात होता. पिंगळीला नारू का नाही? तिथलंही ऊन हेच, ज्वारीही हीच. पण सुनेनं असला प्रश्न विचारायचा कुणाला?

त्या दिवशी मात्र तिनं जावेला उठवलं. "जाऊबाई, अण्णांना सांगा. बोरीला सरकारी डाक्टर आलाय म्हनतेत. गाडी जुंपा म्हनावं. न्हाईतर ह्यांचा पाय न्हाई राहायचा."

दीर समोर असले तरी तिनं त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, ही रीत. बसवंतरावांनी दारातूनच सगळं ऐकलं होतं. ते तडक गोठ्यातून बैल सोडायला गेले. माणूस कडक होता, पण धाकट्या भावावर त्यांचा जीव होता.

डॉक्टर करीमुद्दीन दुसऱ्या दिवशी सकाळी आले. बिदरकडचे, उंच, किडकिडीत. अर्धं दखनी, अर्धं मराठी असं त्यांचं बोलणं होतं. कल्याणरावाचा पाय त्यांनी फाडला, वाटीभर पू काढला, मलमपट्टी केली आणि म्हणाले, "पाय वाचेल. दोन दिवस मी इथंच थांबतो."

हात धुवायला पाणी मागितलं तेव्हा शांतम्मानं घागर पुढं केली. घागर पाहून त्यांनी विचारलं, "ये पानी कुठलं?"

"आमच्या बारवेचं," बसवंतराव अभिमानानं म्हणाले. "आमच्या आप्पानं बांधली. चाळीस पायऱ्या. मोठ्या दुष्काळात पाच गावं जगली तिच्यावर. चला, दाखवतो."

मळ्यातली बारव म्हणजे घराची शान होती. काळ्या घडीव दगडाची, रुंद पायऱ्यांची, चारी बाजूंनी कोनाडे असलेली. आप्पांची, म्हणजे बसवंतरावांच्या वडलांची, समाधी तिच्या काठावरच होती. वाटसरू पायऱ्या उतरून ओंजळीनं पाणी पीत आणि वर येताना समाधीला हात जोडत. डॉक्टर चार पायऱ्या उतरले आणि थांबले.

अगदी खालच्या पायरीवर चन्नबसम्मा बसली होती. सारं घर तिला अव्वा म्हणायचं. लुगडं गुडघ्यापर्यंत सावरून तिनं दोन्ही पाय पाण्यात सोडले होते. उजव्या पायावर तिचाही नारू फुटला होता आणि थंडगार पाण्यानं तिची आग निवत होती. दरवर्षी उन्हाळ्यात ती अशीच बसायची. चाळीस वर्षं.

डॉक्टरांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "या अल्ला," ते हळूच म्हणाले.

*

संध्याकाळी त्यांनी बारवेतून पेलाभर पाणी भरून आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. कल्याणरावाची खाटही बाहेर आणवली. पाटावर पितळी नळीचं एक यंत्र मांडलं होतं. खाली आरसा, वर भिंग.

"ही खुर्दबीन," डॉक्टर म्हणाले. "बारीक चीज मोठी दाखवते. बारवेचं पाणी आणलंय. आधी असंच पाहा."

त्यांनी काचेचा पेला उन्हात धरला. पाण्यात पांढरे कण टुणटुण उड्या मारत होते.

"हे तर रोजच दिसतेत," बसवंतराव म्हणाले. "पाण्यातली धूळ हाय ती."

"धूळ उड्या मारते का, साब?"

बसवंतराव खुर्दबिनीवर वाकले. क्षणभरच. मग चटकन मागं सरले आणि मिशीवरून हात फिरवत उभे राहिले. नीलम्मानं पाहिलं आणि 'अगं बाई' म्हणून पदर तोंडाला लावला. मग शांतम्मा पुढं झाली.

आधी नुसता उजेड दिसला, चंद्रासारखा गोल. मग त्या उजेडात काहीतरी पोहत आलं. पेरूच्या आकाराचं, काचेसारखं आरपार. डोक्यावर लांब मिशा. कपाळाच्या मधोमध एकच लालसर डोळा. आणि मागं, दोन्ही बाजूंना, अंड्यांनी भरलेल्या दोन पिशव्या. पाणवठ्यावरून दोन घागरी घेऊन निघालेल्या बाईसारखी ती दिसत होती. शांतम्मा आणखी खाली वाकली. बारा वर्षं ही बाई तिच्या घागरीत होती. तिच्या हातानं ती तांब्यात गेली, नवऱ्याच्या, सासूच्या ओठांना लागली, आणि तिचा तो एक डोळा या सगळ्यांकडं पाहत राहिला असेल.

"तिच्या पोटात पाहा, बाई," डॉक्टर म्हणाले.

पोटात केसाहून बारीक असा एक दोरा वेटोळं करून पडला होता. तो हलला. सावकाश, कूस बदलावी तसा.

"नारू?" शांतम्माच्या तोंडून निघून गेलं.

"नारूचं पिल्लू. तुमी पाणी पिता, त्याच्यासंगं हा किडा पिता. किडा पोटात मरतो, पिल्लू मरत न्हाई. ते बारा महिने अंगात फिरतं, हातभर वाढतं, आन् मग खाली पायाकडं येतं. तिथं आग करतं. कामून करतं? आग झाली की माणूस काय करतो?"

सगळ्यांचे डोळे आपोआप अव्वाकडं वळले.

"पाय पाण्यात घालतो," डॉक्टरच म्हणाले. "त्याला तेच पाहिजे."

शांतम्माच्या अंगावर काटा आला. भीतीपेक्षा तो अचंब्याचा होता. डोळे नाहीत, कान नाहीत असा दोरा. वर्षभर माणसाच्या अंधाऱ्या अंगात राहतो आणि बरोबर पायच गाठतो. माणसाला तहान लागते तशी त्याला माणसाकरवी तहान लागते. "त्याला पाण्याची वाट कोण सांगतंय?" तिनं विचारलं. दीर समोर आहेत हेही ती विसरून गेली.

"ते तर खुदालाच ठाऊक," डॉक्टर म्हणाले. "मी वीस वर्षं बघायलोय. अजून मलाबी कोडंच हाय."

अव्वा आतापर्यंत भिंतीला टेकून बसली होती. "मला दाव," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्यासाठी वेगळंच काही केलं. तिच्या पायाखाली वाटी धरली आणि जखमेवर गार पाणी सोडलं. जखमेतून दुधासारखा एक थेंब वाटीत उतरला. तोच त्यांनी काचेवर घेतला. नीलम्मा आणि शांतम्मानं दोन्हीकडून धरून अव्वाला यंत्रापाशी नेलं.

अव्वानं एक डोळा मिटला, दुसरा भिंगाला लावला आणि पितळी नळी दोन्ही हातांनी धरली. रोज सकाळी पूजेला तळहातावर इष्टलिंग घेऊन बसायची तशीच ती स्थिर झाली. अंगणात गोठ्यातल्या बैलाचं रवंथ ऐकू येत होतं.

"किती हाएत," ती म्हणाली. "वळवळायलेत. शिवा, शिवा! एवढ्याशा थेंबात केवढा जीव घातलास." मग बऱ्याच वेळानं, "हे माझ्यातले?"

"हां, अम्मा."

"आन् एका नारूत असे किती?"

"लाखो."

अव्वानं नळी सोडली. ती वळली आणि खाटेवरच्या धाकट्या मुलाकडं पाहत राहिली. त्याच्या पायाची पट्टी पिवळी पडली होती.

"म्हंजे कल्याणच्या पायात मी गेले," ती म्हणाली. "नीलम्माच्या गुडघ्यात मीच."

"अव्वा, असं काय बोलायलीस!" कल्याणराव कण्हत उठू लागला.

"बास झालं!" बसवंतराव कडाडले. "डाक्टरसाब, तुमी पाय वाचवला, तुमचे उपकार हाएत. पर माझ्या आईला असलं काही दावायचं कारण नव्हतं."

"उपायबी आहे, साब. पायऱ्या बंद करा. भिंत घाला. वर चाक बसवा आन् दोरीनं पाणी काढा. पाण्याला कुणाचा पाय लागला न्हाई पाहिजे. आन् पाणी जाड कपड्यानं गाळून प्या. बस, इतकंच. दवा नको, सुई नको."

"पायऱ्या बंद?" बसवंतरावांचा आवाज चिरकला. "पाच गावची माणसं तिथं उतरतेत. आप्पानं ती पुण्य म्हनून बांधली. उद्या भिंत घातली की लोक काय म्हनतील? बसवंतरावाच्या बापानं पाणी न्हाई, रोग बांधून ठिवला! तेच्या समाधीसमोर भिंत घालू मी?"

"अण्णा म्हनतो ते खरं हाय," कल्याणराव खाटेवरून म्हणाला. भावाच्या शब्दाबाहेर तो कधी गेलाच नव्हता. "आप्पाच्या नावाला बट्टा लागंल."

नीलम्मानं तोंडाचा पदर काढला. काठी टेकत ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "बट्टा लागंल तर लागू द्या," ती म्हणाली. "मी तिशीत काठी धरली. आपल्या लेकीला, लक्ष्मीला पाहायला पाव्हणे येतेत तवा आधी तिचे पाय बघतेत. माझ्यावानी तिनंबी काठी धरायची का?"

बसवंतरावांना बायकोकडून याची अपेक्षा नव्हती. ते सावरायच्या आत शांतम्मानं बारा वर्षांची रीत मोडली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि दिराकडं सरळ पाहून बोलली.

"अण्णा, माझ्या माहेरी पिंगळीला नारू न्हाई. बारा वर्षं इचार करायलेय, कामून न्हाई? तिथं विहिरीला पायऱ्या न्हाईत. दोरीनं पाणी काढतेत. आप्पांनी पाणी दिलं तवा ते पुण्यच होतं. कुणाला ठावंच नव्हतं तर दोष कसला? पर आज आपल्याला ठावं झालं. आता उद्यापासनं जो पाणी पिईल आन् ज्याला नारू होईल, त्याचा दोष आप्पांचा न्हाई, आपला."

कल्याणरावानं बायकोकडं असं पाहिलं जणू ती आजच घरात आली आहे. "अण्णा," तो हळूच म्हणाला, "शांताचं बरोबर हाय. मी मगाशी उगं बोललो."

"तुमी सगळे एक झालाव," बसवंतराव म्हणाले. "मी एकटाच वाईट."

अव्वानं हात वर केला. "बसवंता, बारव बांधली तवा तू माझ्या पोटात होतास. दगड गवंड्यानं बसवले, पर मातीच्या पाट्या मी उचलल्या. दुष्काळात आप्पानं पाणी दिलं म्हनून माणसं जगली. ते खोटं होत न्हाई. आता त्या माणसांना पायावर उभं ऱ्हाऊ द्यायचंय. हेबी त्याचंच काम हाय, त्याचं अर्धं ऱ्हायलेलं." ती थांबली. "भिंतीचा पयला दगड मी ठिवनार. तू आडवा येतोस का?"

बसवंतराव आईला आडवे गेले नाहीत. भिंतीच्या कामाला मात्र त्यांनी हातही लावला नाही.

*

जाताना डॉक्टर शांतम्माला एक गोष्ट सांगून गेले होते. "पुढच्या सालीबी नारू निघेल, बाई. जे आज अंगात आहे ते निघणारच. घाबरू नका. त्याच्या पुढचं साल पाहा." नंतर त्यांची बदली झाली आणि ते परत कधी चिंचवाडीत आले नाहीत.

पुढच्या वैशाखात घरात चार नारू निघाले. गावात बोलणं सुरू झालं. लोकांना पायऱ्यांची सवय होती. दोरी ओढून बायकांचे हात सोलत होते. लिंबाजी रोजच्यासारखा काड्या घेऊन आला. बसवंतराव अंगणात येऊन मोठ्यानं म्हणाले, "कुठं गेला तुमचा डाक्टर? आप्पाला भिंतीआड केलं, आन् नारू हायेच. उद्या गडी लावतो. भिंत पाडतो."

शांतम्मा त्यांना उत्तर द्यायला बाहेर आली आणि थबकली.

अव्वा अंगणाच्या मधोमध, भर उन्हात बसली होती. तिच्या पायावर ताजा फोड होता, तांबडा, टरारलेला. त्याची आग काय असते ते त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. निखारा पायात शिवून टाकल्यासारखी. अव्वाचे ओठ पांढरे पडले होते, हात मातीत रुतले होते. बारव शंभर पावलांवर होती आणि भिंत कमरेएवढीच. दोघी सुनांच्या आधारानं ती ओलांडून तिला सहज पायऱ्या उतरता आल्या असत्या.

"अव्वा, सावलीत तरी चल," बसवंतराव म्हणाले.

"न्हाई. सावलीत बसले तर बारव दिसती. दिसली की पाय वढतेत." तिचा आवाज घोगरा झाला होता. "हा जुना हाय, बसवंता. भिंतीच्या आदीचा. मला पाण्याकडं चल म्हनायलाय. मला आता कळतंय ते मी न्हाई, तो बोलायलाय. चाळीस वर्षं मला वाटलं, मलाच गार पाणी पायजे." ती दात आवळून हसली. "आता न्हाई नेत त्याला. मरू दे माझ्या पायात."

बसवंतराव आईकडं पाहत उभे राहिले. शांतम्मानं त्यांचा चेहरा पाहिला आणि नजर खाली घातली, कारण थोरल्या दिराच्या डोळ्यांत पाणी पाहायची तिला सवय नव्हती. पासष्ट वर्षांची बाई, एका हातभर प्राण्याशी एकटी झुंजत होती. ज्यांना ती ओळखतही नव्हती अशा पाच गावच्या लोकांसाठी.

मग बसवंतराव बारवेकडं गेले. चाकावरून दोरी सोडल्याचा करकर आवाज आला. त्यांनी पोहरा भरून आणला, अंगणाच्या टोकाला राखेचा ढीग होता तिथं आईला उचलून नेलं आणि तिच्या पायावर गार पाण्याची धार धरली. पाणी राखेतच जिरत होतं, बारवेकडं जात नव्हतं. अव्वानं डोळे मिटले.

"अजून आण," ती म्हणाली.

त्या दिवशी त्यांनी अकरा पोहरे ओढले. भिंत पाडायचं पुन्हा त्यांनी काढलं नाही. श्रावणात त्यांनीच गवंडी बोलावून ती छातीएवढी उंच करून घेतली.

*

तिसऱ्या सालचा वैशाख लागला तेव्हा घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. न्हाताना बायका आपापल्या पोटऱ्या चाचपून पाहत. कुणाला डास चावला तरी सगळे जमत. वैशाख गेला. ज्येष्ठ लागला. लिंबाजी दोनदा येऊन नुसताच तंबाखू खाऊन गेला. दुसऱ्यांदा तो जाताना म्हणाला, "आता मला बियाणं द्या. पेरतो मीबी." आणि मनापासून हसला.

मृग लागला त्या सकाळी शांतम्माला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय ते उमगेना. घरात पावलं वाजत होती, एवढंच. ओसरीवर, माजघरात, अंगणात. कल्याणराव बैलांना हाक मारत पळत गेला, चक्क पळत. सालगडी तिफण खांद्यावर घेऊन उभे होते. लक्ष्मीनं भाकरीची टोपली डोक्यावर घेतली होती. एकही खाट घातलेली नव्हती. शांतम्मा दारातच उभी राहिली आणि तिला कळलं, की हे आजारातून उठणं नव्हतं. ते तर दरवर्षीच होत होतं. हे वेगळंच होतं. अंगात काहीही दुखत नव्हतं आणि त्या न दुखण्याला तिच्याजवळ शब्द नव्हता. आभाळ भरून आलं की पाहत राहावं तशी ती सगळ्यांच्या पायांकडं पाहत राहिली.

अव्वाही गाडीत बसली होती. पहिली मूठ तिच्या हातची पडायची होती. नीलम्मा काठी टेकत दाराशी आली.

"शांता, कुलूप कुठं हाय?"

"कुलूप?"

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. फडताळं शोधली, कोनाडे शोधले. बसवंतराव गाडीजवळून परत आले, त्यांनीही आठवून पाहिलं. घरात कुलूप नव्हतंच. कधी घेतलंच नव्हतं. या घराला कुणी कधी कुलूप लावलं नव्हतं, कारण पेरणी असो, लग्न असो, जत्रा असो, पाय धरून खाटेवर पडलेलं कुणीतरी घरात कायमच असायचं.

"आता काय करावं?" नीलम्मा म्हणाली. "कडीला दोरी बांधू का?"

गाडीतून अव्वानं हाक दिली. "काही बांधू नगा. उघडंच ऱ्हाऊ द्या. आज घरात कुणीबी न्हाई, हे गावालाबी दिसू द्या."

बसवंतरावांनी दाराच्या दोन्ही फळ्या लोटून भिंतीला लावल्या. मग चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच गाडीच्या पुढं चालू लागले.

शांतम्मा सगळ्यांत शेवटी निघाली. वळणावर तिनं एकदा मागं पाहिलं. सताड उघड्या दारातून सकाळचं ऊन थेट माजघरापर्यंत गेलं होतं.